मानेवरचा मळ

सरजाबाईच्या हातचं खाल्लं नाही असं गल्लीत कुणी नव्हतं, आणि तिच्या हातचा मार खाल्ला नाही असं घरात कुणी नव्हतं. लातूरला क्लासवाल्यांच्या वस्तीमागे तिच्या लेकाचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरगावची पोरं खोल्या करून राहायची. कुणी तापानं फणफणलं की सरजाबाई भाकर-वरण घेऊन हजर. पोरगं ‘नको’ म्हणालं की त्याच्या पाठीत धपका घालून ते घशाखाली उतरवायची. माया आणि मार तिच्याकडे एकाच हातात असत, त्यामुळे कोणतं कधी पडेल याचा नेम नव्हता.

सगळ्यात जास्त दोन्ही मिळे ते नातीला. धम्मप्रिया तिचं नाव, घरात धम्मा. दहावीत होती, आणि अंगानं अशी सुटली होती की गेल्या दिवाळीचा ड्रेस यंदा खांद्यातूनही खाली उतरत नव्हता. आई किनवटकडे आश्रमशाळेच्या वसतिगृहावर नोकरीला, सुटीपुरती घरी येणारी. तेव्हा पोरीचं खाणंपिणं, न्हाणंधुणं सगळं आजीच्या ताब्यात होतं.

त्या पोरीच्या मानेमागे काळा पट्टा पडला होता. आधी सावलीसारखा, मग वळ्यावळ्यांतून जाड, मखमली. सरजाबाईला तो दिसला की तिचं डोकं फिरायचं.

“डाक्टर व्हाया निघाली आन मान धुता येईना! लोक म्हनतेल, आजीला डोळे न्हाईत.”

रविवारी ती पोरीला मोरीत बसवायची, केस मुठीत धरून डोकं पुढे वाकवायची आणि टाचा घासायची वजरी मानेवर चालवायची. खसाखसा. धम्मा किंचाळे, हातपाय झाडे, बादली लवंडे. सरजाबाईचा गुडघा तिच्या पाठीवर रोवलेला असे. पाणी लाल झालं की ती थांबे. पट्टा जागच्या जागी. मग म्हातारी हळद लावी, फुंकर घाली, आणि तुपातला शिरा ताटभर पुढे ठेवी. “खा माझी बाय. कसं सोललंय बघ!” जणू सोलणारी दुसरीच कुणी होती.

आता हिला दुष्ट म्हणावं, तर तिचीही हकीकत ऐकायला हवी.

किल्लारीच्या बाजूचं तिचं गाव. बौद्धांच्या वस्तीत सगळ्यांची घरं कुडाची, वर पत्रे नाहीतर पाचट. सरजाबाईचा नवरा व्यंकटी शाळेत शिपाई होता, चार माणसांत मान होता. त्यानं हौसेनं दगडामातीचं घर बांधलं, पाटलाच्या घरासारखं. भिंत दोन हात जाड. बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये मातीगोट्यांची भर. सरजाबाईनं स्वतः टोपल्यांनी ती भर घातली. “भरलेली भिंत पडत न्हाई,” असं ती कुडातल्या जावांना ऐकवायची, आणि जावा नाकं मुरडायच्या.

त्र्याण्णव सालच्या त्या रात्री गावात गणपती बोळवले होते. लिंबाजी, तिचा अकरा वर्षांचा पोरगा, मिरवणूक पाहून उशीर झाला म्हणून चुलत्याच्या कुडातच झोपला. धाकटी सुजाता घरी होती. काडीसारखी पोरगी. अर्धी भाकर खाल्ली आणि अर्धी ताटात टाकली, म्हणून सरजाबाईनं तिच्या कानफटात ठेवून दिली. पोरगी रुसून भिंतीच्या कडेला तोंड करून झोपली.

पहाटे जमीन उधळली. कुडाची घरं हलली, वाकली आणि उभी राहिली. जी भिंत पडत नाही ती पडली. उजाडल्यावर जावांनीच हातांनी दगड उपसून सरजाबाईला ओढून काढलं. हात मोडलेला, तोंडात माती. व्यंकटी छातीपर्यंत गाडलेला सापडला, गार पडलेला. सुजाता भरीखाली होती. आईनंच टोपल्यांनी घातलेली भर. गावात इतकी मढी होती की सरणं वेगळी रचायला लाकूड नव्हतं. बापलेकीला एकत्रच जाळलं. शेजारची केवळाबाई तेव्हा बोलून गेली, “सरजीच्या अंगात मांस हुतं म्हनून जगली. पोरगी काडी हुती, चेपली.”

केवळाबाई बोलून विसरली असेल. सरजाबाईच्या मनात ते दगडावर कोरल्यासारखं बसलं. भिंतीचा धडा तिला मिळाला नाही, मांसाचा तेवढा मिळाला. त्या दिवसापासून तिच्या घरात दोन नियम झाले. अर्धी भाकर कुणाला वाढायची नाही, आणि ताटात काही टाकायचं नाही.

लिंबाजी त्या नियमाखाली वाढला, भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून कचेरीत कारकून झाला, ढेरपोट्या झाला. त्याचा राग मात्र आईसारखाच. त्याला पोरीला डॉक्टर करायचं होतं. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, मग टेस्ट. धम्मा बाकावरून उठायची ती फक्त दुसऱ्या बाकावर बसायला. पाचवी-सहावीत ती खो-खो खेळायची. त्या मैदानावर क्लासची चार मजली इमारत उभी राहिली, आणि ती आता त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायची. सायकल मागितली तर बाप म्हणाला, “वयात आलेली पोरगी, गावभर हिंडायचं काम न्हाई.” झोप अर्धवट. पाळी महिनोन्‌महिने येत नव्हती, ते बोलायला आई घरात नव्हती आणि आजी म्हणायची, “बरंय की, कटकट न्हाई.”

आणि वजन वाढतंय म्हणून मार. लिंबाजीनं वजनकाटा आणला होता. काटा पुढे सरकला की त्याच्या कपाळाची शीर तट्ट व्हायची. “हे डॉक्टरचं अंग हाय? लाज वाटती का?” कमरेचा पट्टा निघायचा. एकदा त्यानं जेवत्या पोरीचं ताट लाथेनं उडवलं, वरण भिंतीवर गेलं. सरजाबाईनं लाटणं फेकून मारलं ते त्याच्या भुवईवर बसलं. “माज्या नातीच्या ताटाला पाय लावतो, मुडद्या!” मायलेक एकमेकांच्या अंगावर धावले. मध्ये धम्मा. बाप तिच्या पुढ्यातला घास हिसकावत होता, आजी तोच घास तिच्या तोंडात कोंबत होती, आणि दोघांची बोटं तिच्या गालांवर उमटत होती.

गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की मार खाल्ला की धम्माला भूक लागायची. क्लासच्या दारात वडापावचा गाडा होता. पाठीवरचे वळ गरम असताना ती तिथे उभी राहून एकामागून एक वडे खायची, वर गोड थंड बाटली प्यायची. पोट दुखेपर्यंत. मग आजीचा डबा. तोही पुरा, कारण टाकायचं नाही.

पावसाळा सरता सरता एका दुपारी ती डबा विसरून गेली. सरजाबाई स्वतः निघाली. तिसरा मजला चढून धापा टाकत वर पोचली, तोच वर्गातून आरोळी आली.

“भूकंप आला! पळाऽ!”

बाकांचा धडधडाट झाला. भिंती घुमल्या. पोरं लोंढ्यानं बाहेर आली, जिन्याकडे धावली. सरजाबाईच्या पायातली चप्पल कुठं गेली कळलं नाही. सगळे बाहेर पळत असताना ती एकटी आत घुसली, कोपरानं पोरं बाजूला फेकत, किंचाळत, “धम्माऽ! भिंतीपासून उठ! भिंतीपासून उठ गं!” धम्मा फळ्याजवळ उभी होती. म्हातारीनं तिच्या वेणीला हिसडा देऊन तिला खाली पाडलं, फरफटत दारापर्यंत ओढलं, आणि उंबऱ्यात तिच्या अंगावर पालथी पडली. दोन्ही हात नातीच्या डोक्यावर.

काहीच पडलं नाही. जिन्यावर पोरं हसत होती. निलंग्याकडचा मन्मथ नावाचा पोरगा बाकावर मुठी आपटत होता. “धम्मी चालली की भूकंप येतो, आजी,” तो म्हणाला. “रोजचंच हाय हे.”

सरजाबाईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती उठली, उंबऱ्यात पडलेला स्टीलचा डबा उचलून तिनं पूर्ण ताकदीनं त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. भुवई फुटली, दात ओठात घुसला, वरणभात आणि रक्त बाकावर सांडलं. “भूकंप पायलाय का रं तू? पायलाय का?” ती ओरडत होती, आणि तिला चौघांनी धरलं तरी आवरत नव्हती.

क्लासच्या सरांनी लिंबाजीला बोलावून घेतलं. पोराला टाके पडले होते, पोलिसांचं नाव निघत होतं. लिंबाजीनं हात जोडले, माफी मागितली. आणि बाहेर व्हरांड्यात सगळी पोरं बघत असताना त्यानं धम्माच्या थोबाडीत मारली. एक, दुसरी. “तुज्यापायी! तुज्या ह्या अंगापायी!”

धम्मा रडली नाही. घरी आल्यावर तिनं आजीचा हात झटकला.

“ती पोरं नुसती तोंडानं म्हनत्यात, आजी,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं तर रोज मला पाडता.”

त्यानंतर तिनं जेवण सोडलं. सरजाबाईनं शिव्या दिल्या, शपथा घातल्या, जबडा दाबून घास घातला. पोरीनं तो तिच्याच पदरावर थुंकला. बापाला आधी बरंच वाटलं, काटा मागे सरकत होता. मग एका सकाळी धम्मा मोरीत धाडकन पडली, डोकं नळावर आपटलं, आणि सरजाबाईनं फोडलेल्या किंकाळीनं गल्ली गोळा झाली. पोरगी डोळे उघडेना. म्हातारी तिच्या छातीवर कान लावून बसली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर जिक्रा होत्या, गंजगोलाईच्या अत्तरवाल्यांची मुलगी. त्यांनी सलाईन लावलं, जखम शिवली, रक्त तपासलं. मग धम्माची मान वळवून पाहिली.

“हे कुणी केलं?”

“मळ हाय तो,” सरजाबाई म्हणाली. “निघंना म्हनून घासलं जरा.”

“मळ नाहीये तो. रक्तातल्या साखरेचा कारभार बिघडला की मान अशी काळी पडते. आतून येतं हे, घासून कसं निघेल? पाळी बिघडली तीही त्यातच.” त्या लिंबाजीकडे वळल्या. “आणि हे पट्ट्याचे वळ? दिवसभर बसवायचं, झोपू द्यायचं नाही, खेळू द्यायचं नाही, वरून मारायचं. मार खाल्लेलं लेकरू काय करतं, माहितीये? खातं. आणि काही भाग जन्मतःच घरातून आलेला असतो. कॉलर खाली करा.”

लिंबाजीनं कॉलर खाली केली. मानेमागे तोच काळा पट्टा.

“आजी, पदर बाजूला घ्या.”

सरजाबाईनं पदर घेतला. डॉक्टरांनी लिंबाजीला त्याच्या आईची मान दाखवली; तिथंही तोच काळा पट्टा. जन्मभर पदराखाली असलेली ती मान तिनं स्वतः कधी पाहिली नव्हती. “तुम्हा दोघांचीही साखर तपासू,” डॉक्टर म्हणाल्या. “पोरीनं हे बाजारातून आणलेलं नाही.”

धम्माला घरी आणलं त्या दिवशी तिला खिमटी दिली तर तिनं वाटी सारली. दवाखान्यात सलाईन होतं; घरात काय होतं? डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटात काही गेलं नाही तर पुन्हा पडेल, आणि पुन्हा उठेलच असं नाही. लिंबाजी दारात उभा होता. सवयीनं त्याचा हात वर गेला, “खातीस का—” आणि हवेतच राहिला.

सरजाबाई उठली. मोरीतून वजरी आणली आणि नातीच्या हातात दिली. तिच्यापुढे खाली बसली, पदर काढला, मान वाकवली.

“घास.”

“आजी, सोड.”

“घास म्हनते न्हवं! मी तुजं रगत काडलं. काड माजं.”

“माय, काय लावलंय हे?” लिंबाजी म्हणाला.

“तू गप. तुजी बी बारी हाय.”

धम्मानं वजरी टेकवली. हळू, मग जोरात, मग दात-ओठ खाऊन. खसाखसा. साऱ्या रविवारांचा राग तिच्या मनगटात उतरला होता. म्हातारीच्या सुरकुतलेल्या कातडीचे पापुद्रे निघाले, रक्त पाठीवर ओघळलं, झंपराच्या गळ्यात जिरलं. सरजाबाईची बोटं फरशीवर रुतत होती. लिंबाजीचा हात आपल्याच कॉलरवर गेला होता. धम्मा हुंदके देत घासत राहिली, आणि मग एकाएकी थांबली.

“निघत न्हाई, आजी.”

“न्हाई निघत, बाय. मला ठावं नव्हतं.”

पोरीनं वजरी मोरीत भिरकावली. मग म्हातारीच्या पाठीवर डोकं टेकून ती रडली, आईच्या आठवणीनं रडतात तशी. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

“भूक लागली,” शेवटी ती म्हणाली.

सरजाबाईनं रक्ताळलेली मान तशीच ठेवून हात धुतले, टोपलीतली भाकर काढली, ताटात ठेवली.

“सगळी नको. अर्धी दे.”

सरजाबाईचा हात थबकला. सुजातानंतर या घरात भाकर मोडून अर्धी वाढली गेली नव्हती. लिंबाजीला ते ठाऊक होतं; तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिनं भाकर दोन्ही हातांत धरली आणि मोडली. अर्धी नातीच्या ताटात वाढली, वर चमचाभर वरण घातलं.

दुसरी अर्धी हातात धरून ती बसून राहिली. कुणाच्या ताटात टाकावी म्हणून तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही. टोपलीत ठेवली, वर फडकं झाकलं.

“उरू दे,” ती म्हणाली.