फिर्यादीच जामीनदार

तुमच्या विहिरीवरची केबल कापून नेणारा माणूस तुम्हाला कुठं हवा आहे? तुरुंगात, की डोळ्यांसमोर?

सेलूच्या कोर्टानं मला हेच विचारलं होतं. उत्तर म्हणून मी चार पानी अहवाल दिला. जजसाहेबांनी तो चाळला आणि चष्मा काढला.

"मॅडम, हा अहवाल आहे की जाहीर सभा?"

सगळं कोर्ट हसलं. माझे कान तापले.

मी परिवीक्षा अधिकारी. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर सोडता येईल का, हे ठरवण्याआधी कोर्ट आमच्याकडून त्याची माहिती मागवतं. घर, काम, संगत, स्वभाव. सोडलाच, तर त्याच्यावर देखरेखही आम्हीच ठेवतो. मी मात्र तुरुंग माणसाला कसा मोडतो, यावरच चार पानं लिहिली होती. समाजसुधारक वडिलांच्या सभांच्या पत्रकांना घड्या घालत मी वाढले. पेन हातात आलं की सुटतेच.

"तुमचं म्हणणं पटतं," जजसाहेब म्हणाले. "पण सोडला तर उद्या सकाळी हा माणूस जाईल कुठं? त्याबद्दल एक ओळ नाही. आठ दिवस देतो."

त्या माणसाचं नाव अंकुश. देवगाव फाट्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून भरायची, हे त्याचं काम. फाट्याजवळच शेती असलेल्या बाबारावकाकांच्या विहिरीवरची केबल त्यानं चोरली होती आणि कोर्टात तसं कबूलही केलं होतं.

"का केलंस?" मी त्याच्या दुकानात जाऊन विचारलं.

"ती केबल मीच जोडलेली मॅडम. कुठं कापायची ते ठाऊक होतं."

"कशी कापली ते नाही विचारलं."

तो हातातला पाना पुसायला लागला. "पत्त्यात बसायलो होतो," म्हणाला. "लय बसायलो होतो. पैसे हरलो."

तिथून मी काकांकडे गेले. चहा यायच्या आधीच त्यांनी निकाल दिला.

"खडी फोडू द्या त्याला! इथं माझा हरभरा वाळायलाय. त्यात मोटार बी जळाली. सेलूत नंबर लावलाय, तर आठ दिवसांनी या म्हणायलेत."

"याआधी मोटार कोण भरायचं?"

आतून काकूंचा आवाज आला, "सांगा की! अंकुशच भरायचा. त्यानं भरलेली कधी जळाली न्हाई."

"तू चहा आण गं."

नवा अहवाल दीड पानाचा झाला. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. माझ्यापुरती तीच शिक्षा.

आठ दिवसांनी जजसाहेबांनी तो नीट वाचला. वर्षभराच्या बंधपत्रावर सोडायला ते तयार झाले. काकांना नवी केबल द्यायची, पत्त्यांना हात लावायचा नाही. पण वर्षभर हा नीट वागेल, अशी हमी देणारा इथलाच जामीनदार हवा होता. अंकुशच्या मेव्हण्यानं शब्द दिला होता. त्याचा फोन बंद.

"जामीनदार नसेल, तर मला शिक्षा सुनावावी लागेल," जजसाहेब म्हणाले.

अंकुशनं मान खाली घातली. माझ्या डोक्यात पुन्हा चार पानं फडफडायला लागली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बाबारावकाका उठले. शिक्षा ऐकायला ते इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

"साहेब, मी राहतो जामीन."

"अहो, तुम्ही तर फिर्यादी!" वकील म्हणाले.

"म्हणूनच की! तुरुंगात हा काय करायलाय, मला कसं कळावं? फाट्यावर असला की डोळ्यापुढं राहील. ह्या मॅडमची जीप महिन्यातून एकदा येणार. मी रोज जातो तिथून."

"तुमचा विश्वास आहे याच्यावर?" जजसाहेबांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई साहेब. म्हणून तर!"

या वेळी जजसाहेब हसले. फिर्यादीनं जामीन राहू नये असं कायद्यात कुठं आहे का, म्हणून त्यांनी वकिलांना विचारलं. कुणालाच दाखवता आलं नाही. काकांनी सही केली आणि अंकुशकडे वळले. सेलूतल्या नंबरासाठी आणलेली मोटार बाहेरच होती.

"ट्रॅक्टरात हाय. चल."

वर्षभर अंकुश दर महिन्याला ऑफिसला येऊन गेला. काकांचा फोन मात्र रोज. "मॅडम, आज दुकान साडेनवाला उघडलं. लिहून घ्या." पुढे सूर बदलला. "मॅडम, ह्याला जेवायला सवड न्हाई, अन् तुमी ऑफिसला काय बोलवता?" तोवर आसपासच्या जळालेल्या मोटारी काका स्वतःच ट्रॅक्टरातून आणून टाकायला लागले होते.

मुदत संपली त्या दिवशी मी पेढे घेऊन दुकानात गेले. काकांचं तोंड उतरलेलं.

"मुदत वाढवून मिळती का?"

"काका, आता बिनसहीचं या की," अंकुश म्हणाला आणि स्टूल पुढं सरकवलं.

शिक्षेची एवढी हौस असलेला माणूस सुधारणेच्या इतका कामी येतो, हे मी घडी घातलेल्या एकाही पत्रकात नव्हतं.

तेव्हा आमच्यापैकी कुणी चौकशीला तुमच्या दारात आलं, तर "आमाला काय माहीत न्हाई" म्हणून कडी लावू नका. बसवून घ्या, खरं काय ते सांगा. आणि जामीनदार मिळत नसेल, तर एक सही करा. विश्वास नसला तरी चालेल.