आप्पांच्या हॉटेलातले उपडे कप

जेमाबाई गावितांचं नाव आधी लिहितो. खांडबाऱ्याला आप्पांच्या हॉटेलात त्या कप धुतात. माझी नोकरी त्यांच्यामुळे टिकली, हे माहीत असूनही कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव कोणी लिहिलं नाही.

दुपारचे साडेतीन. बाकड्यांवर सात गिऱ्हाईकं आणि सातही कप बशीत उपडे. हॉटेल आप्पांच्या वडिलांच्या वेळचं. दुपारचा चहा इथे बशीत ओतून सावकाश पितात. नाही आवडला तर कोणी भांडत नाही. कप बशीत उपडा घालायचा आणि उठायचं. आप्पा म्हणतात, एवढी मोठी शिवी दुसरी नाही.

मी चहापत्तीच्या कंपनीत डेमोवाला. म्हणजे हॉटेलात जाऊन आपली पत्ती उकळायची, लोकांना पाजायची, ऑर्डर घ्यायची. शाळा नववीनंतर सुटली. घर मालवणकडे, गाठायला दोन दिवस मोडतात. मागच्या डेमोला याच लोकांनी दुसरा कप मागितला होता. म्हणून आप्पांनी तीन पोती घेतली.

"भो, तुन्हा शब्दवर पोता लिधात मी," आप्पा म्हणाले. "हाऊ च्या शे का रंगनं पानी?"

मला पोत्यांची शिवण आठवली. कंपनीचं पोतं मशीनने शिवलेलं असतं. ही पोती हाताने शिवलेली होती. माल उतरताना मी ते पाहिलं होतं, आमच्या एरिया मॅनेजरला फोनही केला होता. सर म्हणाले होते, "तुझं काम उकळायचं. शिवण बघायचं नाही." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

मी सरांना फोन केला. ते जवळच, नवापुरात होते. गाडी घेऊन आले. चहाला तोंडही लावलं नाही.

"पत्ती उत्तम आहे. भांडी बघा तुमची. ही माणसं नीट धुतात तरी का?" मग माझ्याकडे वळले. "आणि तू, डेमो चुकीचा दिलास. नववी पास माणसं घेतली की हेच होतं. बॅग जमा कर."

मी बॅग खांद्यावरून उतरवली. 

जेमाबाई मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि सरांसमोर धरलं. फडकं लालभडक.

"साहेब, चहाचा डाग तपकिरी पडतो. हा लाल का?"

सर हसले. जेमाबाईंनी ग्लासात थंड पाणी घेतलं, पोत्यातली चिमूटभर पत्ती वर सोडली. पत्ती तळाला जायच्या आत पाणी लाल झालं. मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुझ्या बॅगेतली दे."

डेमोच्या पाकिटातली पत्ती दुसऱ्या ग्लासात टाकली. पाणी तसंच राहिलं. खरी पत्ती थंड पाण्यात रंग सोडायला वेळ घेते. लावलेला रंग लगेच सुटतो. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. भीतीपोटी मी विसरलो होतो.

"कप धुणारी बाई आता लॅब चालवणार का?" सर म्हणाले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. "चालवणार!" मी मोबाईल काढून ओरडलो. "आणि मी व्हिडिओ काढतोय. हेड ऑफिसला पाठवतोय. पोती बदलली कोणी, ते तिकडे सांगा."

बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "आते सायेबले एक कप पाजा रे, तेस्नाच च्या शे." सगळे हसले. सर हसले नाहीत.

पोती सरांच्याच गाडीत चढली. चौकशी झाली, सरांची बदली झाली. मला पत्र आलं : वरिष्ठांशी बोलताना भाषा जपावी. नोकरी राहिली. आता मी पाकीट उकळण्याआधी पोतं तपासतो. थंड पाण्याला पदवी लागत नाही.

त्या दिवशी माझ्या पाकिटातल्या पत्तीचा खरा चहा झाला तेव्हा सगळे बाकड्यावर बसले. जेमाबाई मोरीपाशी उभ्यानेच प्यायल्या, नेहमीसारख्या. तेव्हाही मी काही बोललो नाही.

जेमाबाई, तुम्ही समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस तुम्हाला आमच्या घरी नेईन. ओटीवर बसवीन, आई चहा करील. आणि कप मी धुवीन.