फुटलेल्या मडक्यातलं आंबवण

अक्षय्य तृतीया, सकाळी आठ. हजर: आई, थोरला भाऊ दत्ता, वहिनी, टेम्पोत बसलेले माझे यजमान, आणि मी. पौडच्या पुढचं आमचं गाव सोडून हिंजवडीला निघाले तो दिवस मी असाच टिपून ठेवलाय.

सामान यादीप्रमाणे चढलं होतं. राहिलं होतं आंबवण. आमच्याकडे आंबिलीचं मडकं कधी तळापर्यंत रिकामं करत नाहीत. तळाच्या आंबट पिठावरच रोज नवं नाचणीचं पीठ कालवतात, आणि घर सोडणाऱ्या लेकीला आई त्यातलं वाटीभर देते. आई वाटी घेऊन वाकली तोच दत्ता आडवा आला. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही मी केली नव्हती.

"सही न्हाई तर थेंब बी न्हाई," म्हणाला आणि वरवंटा उचलून मडक्यावर घातला. खापर उडून माझी भुवई फाटली. हाताला लागलेलं मुसळ मी त्याच्या तोंडावर हाणलं. पुढचा दात तुटून पडला. वहिनी किंचाळत होती. आई मात्र भुईवरचं आंबवण बोटांनी निपटून डब्यात भरत होती. "जा आता. रोज पीठ घाल. मरू दिऊ नगंस."

नाही मरू दिलं. बाराव्या मजल्यावर, काचेच्या बरणीत ते आजही फसफसतं. कंपनीच्या कँटीनमध्ये मी सुपरवायझर आहे. तिथला शिफ्टचा चार्ट एखादवेळी चुकेल, बरणीत पीठ घालायचं चुकत नाही.

गावात आई गेली. दत्तानं माळाचा तुकडा विकून भाड्याच्या खोल्या बांधल्या. नाचणी बंद झाली. भाडेकऱ्यांच्या मेसचा डबा, फरसाण, थंड्याच्या बाटल्या, आणि शिंक आली की दुकानातून अँटिबायोटिक. तो फुगत गेला. मग वहिनीचा फोन आला, "वन्सं, ह्यांना जिना चढवंना झालाय." मी भूगावच्या डॉक्टरांची वेळ घेतली, रिपोर्ट तारखेनं लावले.

डॉक्टर म्हणाले, यकृत चरबीनं भरून सुजलंय. असंच चाललं तर निकामी होईल. आतड्यातल्या जिवाणूंना कोंडा, भाजी, कडधान्य लागतं. ते मिळालं नाही की त्यातले काही आतड्याचं अस्तरच कुरतडतात. नको ते रक्तात झिरपतं, शरीर सतत लढत राहतं, अंगात बारीक सूज धुमसत राहते. वजन वाढण्यातही तिचा हात असावा.

"म्हंजी माज्या पोटात बी भावकीच माजलीया की!" दत्ता हसला. दाताची फट दिसली.

नाचणी, हुलगे, पालेभाज्या खा, डॉक्टरांनी सांगितलं. आंबील प्या, पण तिला औषध समजू नका. मनानं गोळ्या घेणं बंद.

बाहेर गाडीच्या दाराला धरून तो धापा टाकत होता. "सुमे, आईच्या मडक्यातलं हाय का गं तुज्याकडं?"

भुवईवरची खूण ठणकली. "मेलं ते," मी म्हणाले. पुन्हा एकदा मुसळ हाणलं. खरं सांगते, बरं वाटलं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघालेल्यांनो, माझं घर आता त्या बरणीएवढंच उरलंय. तिच्यावरचा दत्ताचा हक्क मी त्याची सही न घेताच काढून घेतला.

फ्रीजवर यादी लावलीय. नवं मडकं, आणलं. नाचणी, दळली. हुलगे, निवडले. शेवटची ओळ: दत्ताच्या घरी आंबवण नेऊन देणे. तीन रविवार गेले, तिच्यापुढे अजून खूण नाही.