कोरडी जागा

माझे वडील नाथाजी, म्हणजे आमचे आबा, हळदीच्या पेवांवर कामाला होते. सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवतात, त्यांना पेवं म्हणतात. तोंड एवढं अरुंद की माणूस जेमतेम आत सरकावा, आणि खाली मात्र चांगली खोलीएवढी जागा. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही, कारण आतली कोंडलेली हवा जीव घेते. तोंड बराच वेळ उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. आबा वीस वर्षं असे उतरत होते. मातीचा खडा जिभेवर ठेवून ते सांगत की इथल्या पेवात हळद तीन वर्षं टिकेल, तिथल्यात एक पावसाळासुद्धा काढायची नाही. ते सहसा चुकत नसत आणि आपण चुकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या घराचं जे काही वाटोळं झालं ते या ठाऊक असण्यानं झालं, असं माझं मत आहे. नातेवाइकांना ते पटत नाही, आणि त्यांनी पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नाही.

१९४० साली आम्ही सांगलीच्या गावभागात, नदीच्या अंगाला एका बोळात राहत होतो. आई चंद्राबाई, थोरली बहीण अंजना, म्हणजे माझी अक्का, नऊ वर्षांची, मी सहा वर्षांचा आणि धाकटा सयाजी दोन वर्षांचा. त्या खोलीच्या भिंती मृगापासून दिवाळीपर्यंत ओल्या असायच्या. धुणं वाळायचं नाही, मिठाचं पाणी व्हायचं, अंथरुणाला कायम कुबट वास. श्रावणात सयाजीला ताप भरला आणि नवव्या दिवशी तो गेला. त्याला पोचवून आल्यावर आबा कितीतरी वेळ भिंतीला हात लावून उभे होते. मग हाताला लागलेली ओल त्यांनी आईला दाखवली.

"ह्या भिंतीनं खाल्लं माजं पोर," ते म्हणाले. "आता हितं ऱ्हायाचं न्हाई."

एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. दोन पोरं उरली होती आणि ती जगवायची होती. जायचं कुठं, एवढाच प्रश्न होता.

आईनं जागा हेरून ठेवली होती. मिरजेच्या रस्त्याला नवी वस्ती उठत होती, तिथं तिच्या माहेरच्या एका बाईनं खोली बघितली होती. दाराशी बाराही महिने पाणी असलेली विहीर आणि हाकेच्या अंतरावर मुलींची शाळा. अक्का तेव्हा तिसरीत होती. तिचा पाढा कधी अडखळला नाही आणि वर्गात पहिला नंबर कधी सुटला नाही. बाई तिला फळ्याशी उभी करून बाकीच्या मुलींना वाचून दाखवायला सांगायच्या. आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण ती शाळेबाहेर उभी राहून लेकीचा आवाज ऐकून यायची.

आबांना असं कुणाच्या सांगण्यावरून घर घेणं मान्यच नव्हतं. त्यांनी त्यांच्या धंद्याची रीत काढली. पेवासाठी नवी जमीन पारखायची तर तिथं हळकुंडं पुरून बघतात. आबांनी तीन गाडगी घेतली, प्रत्येकात मूठभर हळकुंडं घातली, तोंडं मातीनं लिंपली आणि तीन ठिकाणी कोपरभर खोल पुरली. एक आईच्या त्या वस्तीत, एक सांगलीतच खणभागात आणि एक हरिपूरच्या अलीकडं पेवांच्या माळावर. पोरांना कुठं ठेवायचं हे ठरवायला माणसं शेजार बघतात, शाळा बघतात, गेलाबाजार भाडं बघतात. माझ्या बापानं हळद पुरली.

दसऱ्यानंतर गाडगी उकरली. मला आणि अक्कालाही त्यांनी बरोबर नेलं होतं. आईच्या वस्तीतल्या हळकुंडांवर पांढरा बुरा चढला होता आणि ती बोटानं दाबली जात होती. खणभागातल्यांची गत त्याहून वाईट. माळावरचं गाडगं मात्र त्यांनी फोडलं, हळकुंड हातात घेऊन मोडलं, तर ते कट्‌कन वाजलं. आबांचा चेहरा असा खुलला की सयाजी गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं.

"बघ, चंद्रा," घरी येऊन ते म्हणाले, "जितं हळद सडत न्हाई तितं पोरं बी आजारी पडायची न्हाईत. लय कोरडी जागा हाय."

आई म्हणाली, "आवं, हळदीला तहान लागत न्हाई. पोरांना लागती."

दिवाळी झाल्यावर आम्ही माळावर राहायला गेलो. पेवं ज्यांची होती त्या जिनपाल अण्णांनी कामकऱ्यांसाठी तिथं अकरा खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली.

जागा कोरडी होती, यात वाद नाही. इतकी कोरडी की पाणी दीड मैलावर, खाली नदीला. आई दिवसभर अण्णांच्या वखारीत हळद निवडायला जायची, आबा पेवांवर आणि मी पोरगा म्हणून शाळेत. घरात उरली अक्का. पहाटे दोन खेपा, ऊन उतरल्यावर दोन खेपा. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर कळशी. पहिल्या महिन्यात ती खेपा करून शाळेला पळत जायची आणि उशिरा पोचून दाराबाहेर उभी राहायची. नंतर आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागली. संक्रांतीनंतर तिची पाटी मला मिळाली, माझी फुटली होती म्हणून.

शाळेतल्या बाई एकदा माळापर्यंत चालत आल्या होत्या. घामाघूम झालेल्या, पदरानं वारा घेत त्या आबांना म्हणाल्या, "अशी पोरगी दहा वर्षांत एखादी येते हो. तिला घरी बसवू नका."

"बसवलीया कुटं बाई," आबा म्हणाले. "माळावर हीर झाली की येईल की ती. एक-दोन साल थांबा."

बाईंना ते खरं वाटलं. अक्कालाही वाटलं. त्या दिवसापासून ती विहिरीचे दिवस मोजायला लागली.

आणि विहीर होणार होती, हेच तर माझ्या घशाखाली उतरत नाही. १९४३च्या उन्हाळ्यात माळावरच्या अकरा घरच्या बाया मिळून जिनपाल अण्णांकडं गेल्या. अण्णा मनानं वाईट माणूस नव्हता. पाणी न गाळता पिणार नाही, दिवस मावळल्यावर जेवणार नाही, मुंगीवरसुद्धा पाय पडू देणार नाही, असा सरळमार्गी जैन गृहस्थ. तो दुसऱ्याच दिवशी माळावर आला आणि विहिरीची जागासुद्धा काठीनं दाखवली. मग पेवांवरच्या माणसांना गोळा करून त्यानं आबांना पुढं बोलावलं.

"नाथाजी, तुमी जाणते," तो म्हणाला. "हितं हीर पाडली तर पेवांना काय हुईल का? तुमी सांगाल तसं करायचं."

अकरा घरं आबांच्या तोंडाकडं बघत होती. अक्का नुकतीच नदीवरनं आली होती आणि घागरी न उतरवता तशीच थांबली होती. आबांनी वाकून माती उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. त्यांना वेळ घ्यायला आवडायचं.

"हुईल की, अण्णा," ते म्हणाले. "पाणी मुरणार. हिरीच्या कडंची पाच-सा पेवं दोन सालात गेलीच म्हणून समजा."

"मग?" अण्णानं विचारलं.

"मग काय. हीर नगं."

अण्णानं काठी काखेत मारली आणि तो गेला. बाया आबांना जे बोलायचं ते बोलल्या. आईनं पुढं होऊन अक्काच्या डोक्यावरची वरची घागर उतरवून घेतली. त्या संध्याकाळी तिनं आबांना ताट वाढलं, पण समोर बसली नाही, आणि पुढं कधीच बसली नाही.

मी मोठा झाल्यावर आबांना एकदा विचारलं होतं, खोटं का बोलला नाहीत? पेवं अण्णाची होती, गेली असती तर अण्णाची गेली असती. ते माझ्याकडं असे बघायला लागले की मीच काहीतरी घाणेरडं बोललोय. "मातीबाबत खोटं बोलू व्हय रं?" म्हणाले. मातीशी इमान राखणारा माणूस लोकांना फार मोठा वाटतो. घरात पोरीच्या मानेची हाडं बसत चाललेली असताना असला मोठेपणा मला हलकट वाटतो आणि मी तो तसाच लिहिणार.

वर त्यांच्या म्हणण्याला पुरावा होताच. माळावर आम्हाला ताप कधी आला नाही. मी नाही, अक्का नाही, कुणी नाही. गावभागात दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं पोर जायचं, आणि मग लोक आबांकडं यायचे, राहायला जागा कुठली धरावी म्हणून विचारायला. आबा त्यांना गाडगी पुरायला सांगायचे.

१९४६ साली अक्काला बघायला जतच्या पलीकडून पाहुणे आले. तिकडं पाऊस म्हणजे नावाला. पाहुणे ओट्यावर येऊन टेकले तेव्हा अक्का पाण्यालाच गेली होती. आई घाईघाईनं तिला निरोप धाडणार तोवर ती चढण चढून येताना दिसली. डोक्यावर दोन, कमरेवर एक, चाल एकसारखी, आणि अंगावर थेंब सांडलेला नाही. नवऱ्या मुलाचा बाप, भाऊसो म्हणून एक वाळका म्हातारा होता, तो उठून उभाच राहिला.

"आता आनि काय इचारायचं न्हाई," तो म्हणाला. "पोरगी पसंत हाय."

तिला नाव विचारलं नाही की बसायला सांगितलं नाही. आबा खूश झाले. तिनं लुगडं बदलून केसाला पाणी लावलं तोवर सुपारीसुद्धा फुटली होती. पंधरा वर्षांची होती. लग्नात ती रडली नाही, याचं बायकांना आश्चर्य वाटलं.

१९४८च्या उन्हाळ्यात मी सातवीची फायनल पास झालो. आमच्या घराण्यात फायनल पास झालेला मी पहिलाच. मी अक्काला पोस्टकार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं आणि आठवलं की लाज वाटते. मला किती गुण पडले, गुरुजी काय म्हणाले, आबांनी पेढे कसे वाटले, आता मी मास्तर कसा होणार. तू कशी आहेस एवढं एक वाक्य त्यात नव्हतं.

दिवाळीला तिला आणायला मी स्वतः गेलो. उघडा माळ, दगडांची घरं आणि पाण्याला जायची वाट माझ्या डोळ्यांसमोरच क्षितिजापर्यंत गेलेली. अक्का सतरा वर्षांची, पण अंगानं तिशीची दिसत होती. सासू म्हणाली, "तुजं पत्र आलं तवा हिनं पोस्टमनला वाचू दिलं न्हाई बघ. म्हनली, मला येतंय की वाचाय. आनि वाचलं बी. घरात सगळ्यांनी ऐकलं."

मला आनंद झाला. मी अक्काकडं बघितलं, तर ती खाली बघून भाकरी थापत होती.

दुपारी तिनं मला गोठ्याच्या मागं नेलं. चोळीच्या आतून पोस्टकार्ड काढलं. हाताळून हाताळून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि मधली ओळ पुसट झाली होती.

"हळू वाच," ती म्हणाली. "घरात ऐकू जाईल. त्यांना मी मनानंच सांगितलंय सगळं."

"म्हणजे? तुला वाचता आलं न्हाई?"

"रोज बसत हुते रं घिऊन. अक्षरं वळखीची वाटतात. हे आपल्याला ठावं हुतं, असं वाटतं. पण नाव येत न्हाई त्यांचं."

मी माझं पत्र तिला वाचून दाखवलं. गुण वाचले, गुरुजींचं बोलणं वाचलं, पेढे वाचले. ती एकेका शब्दाला मान हलवत होती. शेवटी ती म्हणाली, "आनि माजं काय लिवलंस?"

मी त्या कार्डाकडं बघत राहिलो. ते मला उलटंसुलटं पाठ होतं, तरी बघत राहिलो. सहा वर्षं तिनं आणलेल्या पाण्यानं अंघोळ करून मी शाळेला गेलो होतो, आणि एकदाही मी तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली नव्हती. आबांना शिव्या घालणं मला पुढं आयुष्यभर सोपं गेलं. त्या दुपारी मात्र मी खोटंच वाचलं. म्हटलं, लिहिलंय की, अक्का, तू कशी आहेस.

"बरी हाय म्हनून लिव," ती म्हणाली.