जमिनीला भिणारे पाय

तुमसरच्या कॉलेजात मी नृत्य शिकवते. यंदा अभ्यासक्रमात पहिल्यांदाच आफ्रिकी नाच आणि हिपहॉप आले, पण मुलांचे पाय काही मोकळे होईनात.

शेजारच्या राईस मिलमधली एक बाई रोज आमच्या व्हरांड्यात डबा खात तास बघायची. एकदा हात धुऊन, पदर खोचून ती आत आली. "मॅडम, हे पोरं जमिनीले भेऊन राहिले," म्हणाली आणि गुडघे वाकवून, मिलच्या अंगणात धान वाळवायला पायानं पसरतात तशी ठेक्यावर चालली. मुलं हसली, मग एकेक जण तिच्यामागे निघाला. मीही निघाले.

"कुठं शिकलात?" मी विचारलं.

"पायाले कोन शिकवते?" म्हणत ती कामावर गेली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मुलांच्या मोकळ्या पायांचं कौतुक केलं. "कोणी शिकवलं?"

तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. "आमच्या बाईंनी," मी म्हटलं.