मावशी एम.ए. होते

माझ्या मावशीच्या तावडीतून अर्थशास्त्रातला एकही सिद्धांत धडपणे सुटलेला नाही. शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाल्यावर इतर बायका तीर्थयात्रेला जातात. हिनं रत्नागिरीतच एम.ए.ला पर्यावरणीय अर्थशास्त्र घेतलं, आणि तेही नेमकं माझ्या वर्गात. "वर्गात मला मावशी म्हणायचं नाही," अशी तंबी मला आधीच मिळाली होती. पहिल्या दिवशी ती दारातून आत आली, तसा अख्खा वर्ग प्राध्यापिका समजून उभा राहिला. तिनंही संधी वाया घालवली नाही. सगळ्यांना बसवलं, मागच्या बाकावरच्या दोघांना पुढे आणलं, आणि खरोखरचे सर आले तेव्हा त्यांना उशिराचं कारण विचारलं. महिनाभरात सरांसकट सगळे तिला मावशीच म्हणू लागले.

शिकलेलं लगेच घरी करून बघायचं, हा तिचा शिरस्ता. त्याची पहिली झळ तिच्या यजमानांना, म्हणजे काकांना लागली. काका अंगणात पाला जाळत आणि धूर शेजारच्या अण्णांकडे जाई. "धूर आपला, त्रास त्यांना. म्हणजे भरपाई आपण द्यायची," असं सांगून मावशीनं काकांच्या खांद्यावर फणस दिला आणि त्यांना अण्णांकडे धाडलं. पुढच्या वेळी नारळ गेले. मग एके सकाळी अण्णाच कुंपणाशी येऊन उभे. "काय हो, आज पाला नाय पेटवलात?" काका हसू दाबत घरात पळाले. मावशी गंभीरपणे म्हणाली, "हे पुस्तकात नव्हतं." दुसऱ्या दिवशी ह्याच मुद्द्यावर तिनं सरांचा तास संपू दिला नाही.

प्रकल्पासाठी तिनं घरामागचा सडा निवडला. कातळाचं ते उघडं पठार काका आणि त्यांच्या मुंबईतल्या धाकट्या भावाच्या सामाईक मालकीचं. भावाला ते चिरेखाणीला द्यायचं होतं, आणि गणपतीत तो काकांची सही घ्यायला येणार होता. मला बरोबर घेऊन मावशी वाडीभर एकच प्रश्न विचारत हिंडली. "हा सडा असाच राहावा म्हणून तुम्ही काय द्याल?"

एक म्हातारी म्हणाली, "कोंबडी देईन. पण मग सडा माझ्या नावावर होईल ना?"

अण्णा म्हणाले, "फणस देतो. तुमचाच आहे अजून घरात."

गणपतीत भाऊ आला. मावशी भांडली नाही. तिनं त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"वहिनी, मी घ्यायला आलोय, द्यायला नाही."

"तरी उत्तर लागतं, भावोजी. पण ते वर जाऊन द्यायचं."

आम्ही तिघं चढून गेलो. सडाभर सीतेची आसवं फुलली होती, पाऊल ठेवायला जागा नव्हती. भाऊ एका खळग्यापाशी थांबला. "गुरं चारायला आलो की आई इथे बसून आम्हाला भाकरी द्यायची," तो म्हणाला. मग फुलं चुकवत तो खळग्याच्या काठावर टेकला. तिथूनच म्हणाला, "हा प्रश्न गाळा, वहिनी."

"गाळते," मावशी म्हणाली.

सहीचा विषय त्यानं परत काढला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. सरांनी मात्र कोऱ्या उत्तराचे गुण कापले. अर्ध्या गुणासाठी सरांच्या घरापर्यंत जाणारी मावशी तेव्हा घरीच राहिली.

आता तिचे गुडघे चढू देत नाहीत. फुलांच्या दिवसांत मी गेलो की ती मला वर पाठवते आणि स्वतः मागच्या पायरीवर बसून राहते. यंदा उतरल्या उतरल्या मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "थांब. पाय धू, चहा घे. मग सावकाश सांग, काही वगळू नकोस." आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसली.