शैलाताईंनी न दिलेलं पुस्तक

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. दोनतीनदा तोंड उघडलं होतं — आणि मग आमटीत मीठ बरोबर आहे ना, असलं काहीतरी विचारून गप्प बसले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

तेव्हा आम्ही शारजात, अल मजाजला राहायचो. मी तिथल्या एका इंडियन स्कूलमध्ये नववीला इंग्रजी शिकवत होते. दोन हजार आठ संपत आलं होतं, मंदी सुरू झाली होती. रोज कुणाच्या तरी घरचं सामान विकायला निघाल्याचं कानावर यायचं. माझा नवरा दुबईत प्लॅनिंग इंजिनिअर होता. एका गुरुवारी एचआरने बोलावलं, आणि खलास. त्याचा आणि आमच्या मुलाचा व्हिसा आम्ही माझ्या नोकरीवर करून घेतला. घरातली तिन्ही माणसं आता माझ्या नोकरीवर उभी होती. प्रिन्सिपलच्या केबिनवरून जाताना मी चपलांचा आवाजसुद्धा होऊ देत नसे.

त्या दिवसांत मला एकच व्यसन होतं — स्वीडन-नॉर्वेकडच्या खुनाच्या कादंबऱ्या. त्यातही बाई इन्स्पेक्टर असलेल्या. एक तर फारच आवडायची — पन्नाशीची, घटस्फोटित, गुडघा दुखणारी. संशयिताला एक प्रश्न विचारून ती नुसती बसून राहायची. समोरच्याला ती शांतता सोसायची नाही, आणि तो बोलून जायचा. शाळेच्या बसमध्ये मी तिचंच एक पुस्तक वाचत असायचे. शेजारी शैलाताई — आमच्या लायब्रेरियन, मूळच्या सावंतवाडीच्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. “काय गो, तुझ्या इन्स्पेक्टरबाईला सापडला का तो?” असं रोज विचारायच्या.

म्हणजे ते पुस्तक कुणाचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

माझ्या वर्गात ऋता नावाची मुलगी होती. वडील मुंबईचे, घर मराठी, पण ती उत्तर द्यायची इंग्रजीत. धड्यातल्या गोष्टींना ती इतकी कंटाळलेली असायची, की मला तिची दया यायची — का स्वतःचं कौतुक करून घ्यायचं होतं? मी तिला माझं ते पुस्तक दिलं. वर म्हटलं, “कुणाला सांगू नकोस हं.” चौदा वर्षांच्या मुलीला.

पुस्तकात एका बाईचं प्रेत सापडतं. ते कसं सापडतं, तिचं काय केलेलं असतं, ते सगळं तपशिलात आहे. नेमकं तेच पान तिच्या वडिलांच्या हाती लागलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन शाळेत आले. ऋता काही केल्या नाव सांगेना. पुस्तक आहे म्हणजे लायब्ररीतलंच, असं ते धरून चालले. प्रिन्सिपलनी शैलाताईंना बोलावलं, आणि वर्गाची इंग्रजीची टीचर म्हणून मलाही.

केबिनमध्ये एसी इतका होता, की माझे दात वाजत होते. एसीमुळेच वाजत होते का? पुस्तक टेबलावर पडलं होतं. शैलाताई म्हणाल्या, “हे आमच्या लायब्ररीचं नाही. मी दिलेलं नाही.” मग प्रिन्सिपलनी विचारलं, “मग कुणी दिलं?” कुणीच काही बोललं नाही. शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी खरं बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही.

ती शांतता मला सोसली नाही. मी बोलले. म्हटलं, “सर, ऋता सुट्टीत बऱ्याचदा लायब्ररीत असते.”

एवढंच. वाक्य खोटं नव्हतं, ती असायचीच. पण मी ते का म्हटलं, हे मला ठाऊक होतं, आणि शैलाताईंनाही कळलं. त्यांनी मान खाली घातली. पुन्हा एकदासुद्धा ‘मी नाही’ म्हटलं नाही. का नाही म्हटलं? मला आजतागायत विचारता आलेलं नाही.

नाहीतरी शाळा माणसं कमी करायला बसलेलीच होती. मार्चअखेर शैलाताईंचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. मधले महिने मी रोज वाट पाहत होते — आज बोलतील, आज मला बोलावणं येईल. त्या मात्र बसमध्ये शेजारीच बसायच्या. फक्त काही विचारायच्या नाहीत.

त्यांचं सामान बांधायला मी गेले होते. हो, गेले — न जाण्याचं धाडससुद्धा नव्हतं. खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्या म्हणाल्या, “मीनल, त्या पोरीचं वाचन सुटू देऊ नको हां.”

मी काय केलं? वर्गात ऋताकडे बघायचंच बंद केलं. तिने हात वर केला, तरी दुसऱ्याच कुणाला विचारायचे.

नवऱ्याला पुढे नोकरी लागली. आम्ही दुबईत अल बर्शाला आलो. गेल्या वर्षी तिथल्याच मॉलमध्ये मागून कुणीतरी “मिस!” म्हणून हाक मारली. ऋता. आता अबुधाबीत वकिली फर्ममध्ये असते. मला मिठी मारली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, “आय नेव्हर टोल्ड एनीवन, मिस. नॉट इव्हन माय डॅड.”

मग तिने विचारलं, “शैला मॅम अचानक का गेल्या?”

तिला काहीच माहीत नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती — माझी शाळेतली नोकरी केव्हाच सुटली होती, कुणाचा व्हिसा माझ्यावर नव्हता, समोर एक प्रेमळ मुलगी उभी होती. मी म्हटलं, “त्यांच्या घरी काही अडचण होती, बेटा.”

“ओह. त्यांचा नंबर आहे तुमच्याकडे? आय वुड लव्ह टू कॉल हर.”

मी म्हटलं, “नाही गं.”

नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन माझ्या हातात होता.